घाम वाळू द्या: सिंगापूरच्या शर्यतीला जाताना काय घालावं?

सिंगापूरची फॉर्म्युला वन शर्यत रात्री आठ वाजता सुरू होते. त्यामुळे मुंबई-पुण्याहून ती पाहायला निघालेल्या अनेकांचा समज असा होतो की ऊन नाही म्हणजे उकाडाही नाही. मग बॅगेत जीन्स जाते, लाडक्या टीमचा जाड पोलो शर्ट जातो, फोटोत उठून दिसतील म्हणून नवे कोरे बूट जातात. प्रत्यक्षात संध्याकाळी सहालाच जीन्स मांड्यांना चिकटते, शर्टाची पाठ भिजून जड होते, टाचा सोलवटतात, आणि मुख्य शर्यत सुरू व्हायला अजून दोन तास असतात. तिकीट, विमान आणि हॉटेल यांवर एवढा खर्च करून गेल्यावर निव्वळ कपड्यांपायी शर्यतीची मजा जाऊ नये, यासाठी हा लेख.

साऱ्या सल्ल्याचं सार असं: सिंगापुरात कपडे उन्हापेक्षा घामाचा विचार करून निवडायचे. प्रत्येक कपडा बॅगेत टाकण्याआधी स्वतःला विचारा, हा ओला झाला तर किती वेळात वाळेल? बाकीचे निर्णय या उत्तरावरून आपोआप सुटत जातात.

रात्री उकाडा का जात नाही?

सिंगापूर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्याही आत आहे. तिथे आपल्यासारखे ऋतू नाहीत. दिवसाचं कमाल तापमान बाराही महिने साधारण ३१-३२ अंशांच्या आसपास असतं आणि रात्रीही ते २४-२५ च्या खाली सहसा उतरत नाही. सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्यानंतर तापमान दोन-चार अंशांनी घटतं खरं, पण हवेतली सापेक्ष आर्द्रता तेवढ्यातच वाढत जाते. मरीना बे परिसरातला शर्यतीचा मार्ग शहरातल्या रस्त्यांवरूनच जातो. दोन्ही बाजूंना उंच इमारती, दिवसभर तापलेलं डांबर आणि हजारोंची गर्दी, त्यामुळे वारा फारसा हिंडत नाही. म्हणून रात्रीचे २८-२९ अंश आकड्यात सौम्य वाटले तरी अंगाला तसे लागत नाहीत.

याचं कारण घामात आहे. घाम नुसता येऊन शरीर थंड होत नाही, तो वाळला तरच थंड होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम अंगावरून ओघळून खाली पडला तर गारवा जवळपास काहीच मिळत नाही, उलट शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र जातं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम कधी आला आणि कधी वाळला हे कळतही नाही. तिथे डोक्या-तोंडाला जाडसर दुपट्टा गुंडाळून निघणं शहाणपणाचं, कारण बाहेरची हवा अंगापेक्षा तापलेली असते आणि तिला अडवायचं असतं. सिंगापुरात नेमकं उलट आहे. तिथे हवा अंगापेक्षा थोडी थंडच असते आणि तिला त्वचेपर्यंत पोचू द्यायचं असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी आपली उन्हाळ्याची सवय इथे बाजूला ठेवावी. मुंबई आणि कोकणातल्या लोकांना मात्र ही हवा ओळखीची वाटेल. पाऊस सरता सरता, ऑक्टोबरच्या तोंडावर घरात जसं घामट होतं तसं वातावरण, फक्त पंख्याशिवाय आणि सलग आठ-नऊ तास.

ही हवा ड्रायव्हरनाही सोसत नाही. अंगभर अग्निरोधक आतले कपडे, त्यावर बंद सूट, हातमोजे, डोक्यावर बॅलाक्लाव्हा (कापडी मुखवटा) आणि हेल्मेट एवढा जामानिमा अंगावर घेऊन ते जवळपास दोन तास गाडी हाकतात. या एका शर्यतीत ड्रायव्हरचं दोन-तीन किलो वजन उतरू शकतं, तेही घामावाटेच. २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत उष्म्याने अनेक ड्रायव्हरची प्रकृती बिघडली, त्यानंतर एफआयए या नियामक संस्थेने उष्म्यासाठी स्वतंत्र नियम केला. शर्यतीच्या वेळचा उष्णता निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल तर ‘हीट हॅझर्ड’ जाहीर होतो आणि ड्रायव्हरसाठी थंड द्रव खेळवणाऱ्या बनियनची व्यवस्था गाडीत करावी लागते. हा इशारा पहिल्यांदा जाहीर झाला तो २०२५ च्या सिंगापूर शर्यतीसाठी. ड्रायव्हरला सूट बदलायची मुभा नाही. प्रेक्षकाला आहे, ती पुरेपूर वापरा.

कापड: आधी घरी पारख करा

‘उकाड्यात सुती’ हा आपला पिढीजात नियम. तो निम्मा बरोबर आहे. सुती कापड घाम चांगला शोषतं, पण शोषलेला घाम धरूनही ठेवतं. त्यामुळे सुती कपडा किती जाड आहे यावर सगळं ठरतं. मलमल, व्हॉइल, विरळ विणीची पातळ खादी, लिनन ही कापडं उत्तम. हवा आरपार जाते आणि ओली झाली तरी अंगापासून सुटी राहतात. उलट जाड होजिअरीचा टी-शर्ट, जाडजूड पोलो किंवा कॅनव्हाससारखी सुती पँट एकदा भिजली की तुम्ही हॉटेलवर परतेपर्यंत ओलीच राहते.

धावणाऱ्यांचे आणि जिमला जाणाऱ्यांचे ड्राय-फिट कपडे पॉलिएस्टरचे असतात. ते पाणी धरत नाहीत, घाम कापडभर पसरवतात आणि लवकर वाळतात, म्हणून इथे ते चांगले ठरतात. मात्र ते सैल हवेत. अंगाला घट्ट बसणारं पॉलिएस्टर घामोळ्यांना आमंत्रण देतं आणि त्याला वासही लवकर येतो. साधं, चकचकीत, घट्ट विणीचं पॉलिएस्टर आणि जाळीदार ड्राय-फिट यांतला फरक हाताला लगेच कळतो. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा. फुंकर पलीकडच्या तळहाताला जाणवली तर कापड चालेल.

याहून पक्की परीक्षा न्हाणीघरात करता येते. शर्टाचा तळहाताएवढा भाग नळाखाली भिजवा, मुठीत घट्ट पिळा आणि पंखा न लावता, दार लोटून खुंटीला टांगा. अर्ध्या-पाऊण तासाने हात लावून पाहा. तो भाग नुसता गार लागत असेल तर शर्ट पास. अजून ओलसर आणि जड लागत असेल तर तो फिरायला घाला, शर्यतीला नको. पावसाळी दिवसांत ही परीक्षा केलीत तर सिंगापूरच्या हवेची रंगीत तालीमच होईल.

रंगाचं म्हणाल तर दुपारी फिकट रंग बरे, कारण काळा आणि गडद रंग ऊन शोषतो. सूर्य मावळल्यावर रंगाने फरक पडत नाही. फेरारीचा लाल किंवा मॅक्लारेनचा नारिंगी टी-शर्ट घालायची हौस असेल तर जरूर घाला, पण तो पातळ आणि एक माप मोठा घ्या. आणखी सोपा उपाय म्हणजे दुपारी हलका कुर्ता किंवा शर्ट घालून जायचं आणि टीमचा टी-शर्ट पिशवीत ठेवून संध्याकाळी बदलायचा. अंग पुसून कोरा कपडा चढवला की पुढचे तीन तास नव्याने सुरू झाल्यासारखे वाटतात.

वरून खालपर्यंत

वरच्या कपड्यासाठी सैलसर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता सर्वात सोयीचा. पुढून बटणं असलेला शर्ट टी-शर्टपेक्षा बरा, गळा उघडता येतो आणि वारा आत खेळतो. दुपारपासून उघड्या स्टँडमध्ये बसणार असाल तर पातळ, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट घ्या. विषुववृत्ताजवळचं ऊन कातडी भाजून काढतं आणि संध्याकाळी डासांपासूनही बाह्यांचा उपयोग होतो. सिंगापुरात डेंग्यू आहे, त्यामुळे डास पळवणारं मलम जवळ असू द्या.

महिलांसाठी गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता आणि पातळ सैल पलाझो किंवा सुती पँट हा जोड अतिशय चांगला. लेगिंग्ज टाळा, त्या दुसऱ्या कातडीसारख्या चिकटतात. पलाझो घोट्याच्या वर असावी. जिने आणि तात्पुरते लोखंडी पूल चढताना लांब घेर पायात येतो आणि पावसात चिखलाने भरतो.

पुरुषांनी गुडघ्यापर्यंतची हलकी हाफ पँट घालावी, सर्वसाधारण स्टँडमध्ये त्यात काही वावगं नाही. हॉस्पिटॅलिटी विभागाचं तिकीट असेल तर मात्र पोशाखाचे नियम वेगळे असू शकतात, ते तिकिटाबरोबरच्या सूचनांत आधी वाचून घ्या. तिथे लिननची पूर्ण पँट आणि कॉलरचा शर्ट पुरेसा शोभतो. जीन्स कुणीच घालू नये. कोरडी असताना ती गरम होते आणि भिजल्यावर जड.

आतल्या कपड्यांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि खरा त्रास तिथूनच सुरू होतो. दिवसभर चालून, घामाने ओल्या झालेल्या मांड्या एकमेकींवर घासतात, काचतात आणि रात्री पाऊल टाकणं नकोसं होतं. मांड्या झाकणारी, लवकर वाळणारी लांब अंतर्वस्त्रं हा त्यावरचा उपाय. शिवाय निघण्यापूर्वी मांड्या, काखा आणि ब्राच्या पट्ट्याखाली पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. पुरुषांनी शर्टाखाली जाड बनियन घालू नये, त्यामुळे घाम दोन थरांत अडकतो. अंतर्वस्त्रांचा एक जादा जोड पिशवीत ठेवायला विसरू नका.

पाय सांभाळा

हा मार्ग जवळपास पाच किलोमीटर लांबीचा आहे. मेट्रोच्या सिटी हॉल किंवा प्रॉमेनाड स्थानकावर उतरून प्रवेशद्वार, तिथून तुमचा विभाग, मग खाण्याचे स्टॉल, पुन्हा जागा, नंतर पदांगच्या मैदानावरचा संगीताचा कार्यक्रम असं करता करता दिवसभरात बरीच पायपीट होते. वॉकअबाउट तिकीट असेल तर ठरलेली खुर्ची नसते, म्हणजे उभं राहणंही आलं. म्हणून वापरून सैल झालेले, पुढून बंद, जाळीदार स्पोर्ट्स शूज घाला. नवे बूट घेतलेच असतील तर निदान दोन-तीन आठवडे रोज वापरून मग न्या. चप्पल नको. गर्दीत पायावर पाय पडतो, लोखंडी पायऱ्या ओल्या झाल्या की घसरतात आणि पाऊस झाला की पदांगच्या हिरवळीवर चिखल होतो.

मोजे पातळ, लवकर वाळणारे हवेत आणि त्यांचा दुसरा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. साऱ्या सामानात सर्वात हलकी आणि सर्वात उपयोगी वस्तू हीच. संध्याकाळी साताला पाय पुसून कोरडे मोजे घाला, पायांचा थकवा निम्मा उतरतो.

शर्यत संपल्यावर प्रेक्षकांना मार्गावर उतरू दिलं जातं तेव्हा बुटांच्या तळव्यांकडे लक्ष ठेवा. टायर झिजून सुटलेले रबराचे काळे, चिकट गोळे मार्गाच्या कडेला पडलेले असतात. शर्यतीच्या भाषेत त्यांना मार्बल्स म्हणतात. ताजे असताना ते बुटांच्या तळाला घट्ट बसतात आणि नंतर हॉटेलच्या गालिच्यावर डाग पाडतात. आठवण म्हणून एखादा घ्यायचा तर कागदात गुंडाळून घ्या आणि खोलीत शिरण्यापूर्वी तळवे खरवडून काढा.

पाऊस येणार असंच धरून चला

सिंगापुरात वर्षातले दीडशेहून अधिक दिवस मेघगर्जनेसह पाऊस होतो, आणि शर्यतीचा सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे मोसमी वारे बदलण्याच्या सुमाराचा काळ. दुपारी लख्ख ऊन, पाचला काळे ढग आणि तासाभरात मुसळधार हे तिथे नित्याचं. २०१७ ची शर्यत ओल्या मार्गावर सुरू झाली. २०२२ मध्ये तर पावसामुळे आठची शर्यत नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली. बहुतेक स्टँडना छप्पर नाही. त्या रात्री जे भिजले ते अकरा वाजून गेल्यावरही त्याच कपड्यांत होते.

अशा वेळी छत्रीचा उपयोग कमी. स्टँडमध्ये ती उघडली की मागच्या रांगेला काही दिसत नाही आणि विजा चमकत असताना ती हातात धरणंही बरं नाही. जाड प्लॅस्टिकचा, बटणं लावायचा रेनकोट नेलात तर पावसाने नाही तरी आतल्या घामाने भिजाल. सर्वात चांगला तो डोक्यातून घालायचा, बाजूंनी मोकळा पोंचो. तो घडी करून खिशात मावतो, खालून हवा खेळते आणि मांडीवरची पिशवीही झाकली जाते. प्रत्येकासाठी एक पोंचो भारतातूनच घेऊन जा. मोबाइल, पासपोर्ट आणि पैशांसाठी झिपची जाड पिशवी हवी. खुर्ची पुसायला एक जुना पंचा ठेवा. आपला पातळ पंचा इथे टर्किश टॉवेलपेक्षा सरस ठरतो. घाम पुसा, मानेवर ओला करून ठेवा, पिळून टांगा, तासाभरात पुन्हा वापरता येतो.

डोकं, डोळे आणि कान

दुपारी कडा असलेली सुती टोपी घाला. क्रिकेटच्या पंचांसारखी गोल हॅट मान आणि कानही झाकते. नुसत्या बेसबॉल कॅपने मान भाजते. सूर्य मावळला की टोपी काढून ठेवा, डोक्यावाटेही उष्णता बाहेर पडायला हवी. गॉगल दुपारपुरता. चष्मा असलेल्यांनी घामाने आणि पावसाने धुरकटणाऱ्या काचांसाठी कोरडा सुती रुमाल वेगळा ठेवावा. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं घ्या, निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा आणि घामाने धुऊन जातं म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावा.

कानांचं संरक्षण हाही पोशाखाचाच भाग समजा. २०१४ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांत हायब्रिड टर्बो इंजिनं आली आणि आवाज पूर्वीइतका राहिला नाही. तरीही काँक्रीटच्या भिंती आणि इमारतींमध्ये तो घुमतो, आणि आधी होणाऱ्या पोर्शेच्या शर्यतीतल्या गाड्यांचा आवाज कानात घुसणारा असतो. मोठ्यांना फोमचे साधे इअरप्लग पुरतात. लहान मुलांना कान पूर्ण झाकणारे इअरमफ द्या आणि ते घरीच घालून पाहून सवय करा.

थंड हवेचा फटका

बाहेर घामाघूम आणि मेट्रोत किंवा मॉलमध्ये पाऊल टाकताच दात वाजावेत असा एसी, हे सिंगापूरचं रोजचं चित्र. ओल्या शर्टावर तो गारठा थेट छातीत भरतो. पातळ सुती ओढणी, स्टोल किंवा उघडा पूर्ण बाह्यांचा शर्ट पिशवीत असला की पुरे. जाड जॅकेट किंवा स्वेटशर्ट नेऊ नका, दिवसभर ते कंबरेला बांधून मिरवताना तिथेच घाम साचतो.

पिशवी पाठीवर सपाट चिकटणारी नको, तिच्याखाली सर्वाधिक घाम येतो. खांद्याला तिरकी अडकवायची छोटी झोळी बरी. पिशवीचं माप, बाटली, कॅमेऱ्याची लेन्स, छत्री यांबाबतचे नियम आयोजक दरवर्षी जाहीर करतात. ते निघण्यापूर्वी वाचा, म्हणजे प्रवेशद्वारावर काही टाकून द्यावं लागणार नाही.

ज्यांची जास्त काळजी घ्यायची

लहान मुलांना घाम वाळवणारे हलके कपडे, दोन जादा टी-शर्ट आणि पायात बंद बूट. भडक रंगाचा शर्ट घातलेला बरा, गर्दीत मूल चटकन दिसतं. खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आजी-आजोबांसोबत जात असाल तर धोतर-साडीला नाही म्हणायचं कारण नाही. पातळ नऊवारी किंवा मलमलचं धोतर या हवेला छान मानवतं. पायऱ्या चढताना मात्र निऱ्या आणि काष्टा आवरून घ्यावा लागेल. मधुमेह असलेल्यांनी मोजे आणि बूट यांबाबत कुठलीही तडजोड करू नये. पायाला बारीकसा फोड आला तरी त्याची वेळीच काळजी घ्यावी. रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होण्याची औषधं चालू असतील तर प्रवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या.

कितीही योग्य कपडे घातले तरी पाण्याला पर्याय नाही. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहा आणि ओआरएसची दोन-तीन पाकिटं जवळ ठेवा. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ किंवा पायात गोळे ही पहिली सूचना. अशा माणसाला सावलीत किंवा एसीत बसवा, कपडे सैल करा, ओल्या पंच्याने अंग पुसा, वारा घाला. तो असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली किंवा अंग तापाने फणफणल्यासारखं झालं तर तो उष्माघात असू शकतो. जवळच्या वैद्यकीय कक्षाला लगेच कळवा किंवा ९९५ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आदल्या रात्री पलंगावर मांडून बघा

घालायचे कपडे, कोरडे मोजे आणि अंतर्वस्त्रं, जादा टी-शर्ट, पोंचो, पंचा, ओढणी, टोपी, इअरप्लग, मलम, सनस्क्रीन, ओआरएस, झिपची पिशवी. सगळं एका छोट्या झोळीत मावलं पाहिजे. मावत नसेल तर काढायची वस्तू बहुधा फोटोसाठी घेतलेली असते, ती आधी काढा.

शर्यत दोन तासांची असली तरी तुमचा दिवस आठ-नऊ तासांचा आहे, आणि तो पूर्ण उघड्यावर जायचा आहे. तेव्हा कपडे सैल, पातळ आणि लवकर वाळणारे घ्या, पायात जुने सवयीचे बूट घाला आणि पावसाची तयारी ठेवा. एवढं केलंत तर शेवटचा लॅप संपेपर्यंत तुमचं लक्ष अंगावरच्या ओल्या कपड्यांकडे जाणार नाही, गाड्यांवरच राहील.